विश्लेषण : ‘क’ जीवनसत्त्व मिरचीतून कसे मिळाले? हंगेरीचे सेगेद शहर आणि नोबेल विजेते सेंट-ग्योर्गी यांची कहाणी

करोनाच्या काळात ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घरोघरी पोहोचल्या. गोळीचा रंग नारिंगी, चव संत्र्याची आणि पाकिटावर चित्रही संत्र्याचेच. पण शास्त्रज्ञांच्या हाती हे जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात किलोच्या मापाने पहिल्यांदा आले, ते संत्र्यातून नव्हे तर मिरचीतून. हंगेरीच्या दक्षिण टोकाला असलेल्या सेगेद या शहरात हे घडले. ते घडवून आणणारे शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांना १९३७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि दहा वर्षांनी त्यांना देश कायमचा सोडावा लागला. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत जे जमले नाही, ते या शहरात का जमले? आणि शहराने त्यांना का गमावले?

सेगेद शहर कसे आहे?

बुडापेस्टच्या दक्षिणेला सुमारे १७० किलोमीटरवर, तिसा नदीच्या काठी सेगेद वसले आहे. मारोश ही नदीही इथेच तिसाला मिळते. आजच्या सर्बिया आणि रुमानियाच्या सीमा इथून हाकेच्या अंतरावर आहेत. लोकसंख्येच्या दृष्टीने बुडापेस्ट आणि देब्रेत्सेननंतर हे हंगेरीतले तिसरे मोठे शहर आहे.

आजचे सेगेद खऱ्या अर्थाने १८७९ नंतरचे आहे. त्या वर्षी १२ मार्चच्या रात्री तिसाचा बांध फुटला आणि अख्खे शहर पाण्याखाली गेले. पाच हजारांहून अधिक घरांपैकी जेमतेम तीनशेच्या आत घरे उभी राहिली. सम्राट फ्रान्झ जोसेफ यांनी पूरग्रस्त शहराला भेट देऊन ते पूर्वीपेक्षा सुंदर बांधण्याचे आश्वासन दिले. युरोपभरातून मदत आली. नवे शहर आखताना मधोमध चौक, त्याभोवती वर्तुळाकार रस्ते आणि बाहेर जाणारे सरळ मार्ग असा नकाशा केला गेला. बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याच्या एकेका भागाला रोम, पॅरिस, लंडन, ब्रुसेल्स, बर्लिन, व्हिएन्ना अशा मदत करणाऱ्या शहरांची नावे दिली गेली. ती आजही नकाशावर दिसतात.

पुरानंतर शहराने एक भव्य चर्च बांधण्याचा नवस केला होता. पहिल्या महायुद्धामुळे काम रखडले आणि दोन मनोऱ्यांचे ‘नवसाचे चर्च’ १९३० मध्ये पूर्ण झाले. याच चर्चच्या चौकात १९३१ पासून उन्हाळ्यात खुल्या रंगमंचावर नाट्य आणि संगीत महोत्सव सुरू झाला.

खाण्यापिण्यात सेगेदची ओळख म्हणजे पाप्रिका. मूळची अमेरिकेतली मिरची भारतात आली ती पोर्तुगीजांबरोबर. हंगेरीत ती पोहोचली तुर्की राजवटीच्या काळात, बाल्कन प्रदेशातून. सेगेद आणि कालोचा ही तिची दोन मोठी केंद्रे. शरद ऋतूत लाल मिरच्यांच्या माळा ओवून घरांच्या भिंतींवर वाळत घालायच्या आणि मग दळायच्या, ही इथली जुनी पद्धत. १९व्या शतकात बिया आणि शिरा काढून मिरची दळण्याचे तंत्र आले, तिखटपणा कमी झाला आणि रंग मात्र टिकला. आपल्याकडे रंगासाठी ब्याडगी वापरतात, तसाच काहीसा हा प्रकार. तिसा नदीतल्या माशांचे पाप्रिका घातलेले लालभडक कालवण, म्हणजे ‘हालासले’, हा इथला मानाचा पदार्थ.

सेगेदला विद्यापीठ कुठून आले?

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्य हरले. १९२० च्या ट्रायनॉन तहात हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश भूभाग शेजारी देशांकडे गेला. त्यात कोलोज्वार हे विद्यापीठाचे शहरही रुमानियात गेले. तिथले हंगेरियन विद्यापीठ अक्षरशः बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघाले आणि १९२१ मध्ये सेगेदला आले. देशाच्या मध्यभागाजवळचे हे व्यापारी शहरही याच तहामुळे एकाएकी सीमेवरचे झाले होते.

सरकारमधले शिक्षण आणि संस्कृती मंत्री कुनो क्लेबेल्सबेर्ग हे सेगेदचेच लोकप्रतिनिधी होते. जमीन आणि सैन्य गमावलेल्या देशाने आता शिक्षण आणि विज्ञानावर उभे राहावे, अशी त्यांची भूमिका होती. चर्चच्या भोवती लाल विटांच्या विद्यापीठ इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींत बसवायला नामवंत माणसे हवी होती. क्लेबेल्सबेर्ग यांनी परदेशात काम करणाऱ्या एका हंगेरियन संशोधकाला परत बोलावले. ते होते सेंट-ग्योर्गी.

कोण होते सेंट-ग्योर्गी?

अल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. वडील जमीनदार. आईच्या माहेरी, लेन्होशेक घराण्यात, शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकांची परंपरा होती. लहानपणी मात्र अल्बर्ट अभ्यासात यथातथाच होते. या मुलाला विज्ञान झेपणार नाही, असे प्राध्यापक असलेल्या मामांचे मत होते. किशोरवयात त्यांना वाचनाची गोडी लागली आणि १९११ मध्ये त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेतला.

शिक्षण अर्धवट असताना महायुद्ध सुरू झाले. लष्करी वैद्यकीय सेवेत असताना आघाडीवरचा संहार पाहून त्यांची युद्धावरची श्रद्धा उडाली. १९१६ मध्ये त्यांनी स्वतःच्याच दंडात गोळी झाडून घेतली आणि शत्रूची गोळी लागल्याचे सांगितले. हे उघड झाले असते तर शिक्षा मृत्यूचीच होती. जखमी म्हणून ते परतले आणि १९१७ मध्ये डॉक्टर झाले.

युद्धानंतर त्यांची भटकंती सुरू झाली. पोझोनी, म्हणजे आजचे ब्रातिस्लाव्हा, इथे ते काम करत होते. ते शहर चेकोस्लोव्हाकियात गेले आणि नोकरी सुटली. मग प्राग, बर्लिन, हॅम्बुर्ग, लायडन आणि शेवटी नेदरलँड्समधले ग्रोनिंगेन. पगार तुटपुंजा आणि पत्नी व लहान मुलगी सोबत. ग्रोनिंगेनमधला आधार गेल्यावर त्यांनी कुटुंबाला हंगेरीला पाठवून दिले आणि विज्ञान सोडण्याच्या मनःस्थितीत १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या शरीरक्रियाशास्त्र परिषदेला गेले. तिथे अध्यक्षीय भाषणात केंब्रिजचे प्रख्यात शास्त्रज्ञ फ्रेडरिक गोलँड हॉपकिन्स यांनी त्यांच्या कामाचा उल्लेख केला. त्या ओळखीतून केंब्रिजचे दार उघडले आणि १९२७ मध्ये त्यांना तिथली पीएचडी मिळाली.

सफरचंद काळे पडते, लिंबू का नाही?

सफरचंद किंवा बटाटा कापून ठेवला की काही मिनिटांत तपकिरी पडतो. लिंबू, संत्रे किंवा कोबी मात्र तसा पडत नाही. असे का, हा सेंट-ग्योर्गी यांचा मूळ प्रश्न होता. हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी प्रक्रिया रोखून धरणारा कोणता तरी पदार्थ या फळांत आहे, हे त्यांनी ताडले. तोच पदार्थ प्राण्यांच्या मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथींतही आढळला. केंब्रिजमध्ये त्यांनी तो शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळा केला.

पदार्थ हाती आला, पण तो नेमका काय आहे ते कळेना. साखरेसारखा दिसणारा, पण अज्ञात, म्हणून त्यांनी त्याला ‘इग्नोज’ असे खोडकर नाव सुचवले. संशोधनपत्रिकेच्या संपादकांना ते रुचले नाही. मग त्यांनी देवालाच ठाऊक अशा अर्थाचे ‘गॉडनोज’ सुचवले. तेही फेटाळले गेले आणि अखेर ‘हेक्झुरोनिक ॲसिड’ हे रुक्ष नाव ठरले.

रचना शोधायची तर पदार्थ भरपूर हवा. त्यासाठी ते अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये गेले. कत्तलखान्यांतून गुरांच्या ग्रंथी आणून महिनोन् महिने काम केल्यावर हाती आले सुमारे २५ ग्रॅम. त्यातला मोठा भाग त्यांनी बर्मिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर हॉवर्थ यांना दिला. तोही पुरला नाही. संत्री आणि लिंबांतून काढायचे तर त्यातली साखर आड येत होती. उरलेली चिमूटभर भुकटी घेऊन सेंट-ग्योर्गी सेगेदला आले.

गिनीपिगवरच्या प्रयोगात काय दिसले?

‘क’ जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही होतो. हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत, माणूस दगावतो. लांबच्या सागरी सफरींत असंख्य खलाशी यानेच मेले. लिंबूवर्गीय फळांनी हा रोग बरा होतो, हे ब्रिटिश नौदलाचे डॉक्टर जेम्स लिंड यांनी १७४७ मध्येच दाखवले होते. पण फळातला नेमका कोणता पदार्थ काम करतो, हे दोनशे वर्षे कोडेच होते.

१९३१ च्या शरदात जोसेफ स्विर्बेली हा हंगेरियन वंशाचा तरुण अमेरिकन संशोधक सेगेदमध्ये दाखल झाला. पिट्सबर्गमध्ये चार्ल्स ग्लेन किंग यांच्याकडे ‘क’ जीवनसत्त्वावर काम केल्याने त्याची चाचणी कशी करायची, हे त्याला माहीत होते. सेंट-ग्योर्गी यांनी त्याला आपल्याजवळची भुकटी दिली. माणसाप्रमाणेच गिनीपिगचे शरीरही ‘क’ जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही, म्हणून प्रयोग त्यांच्यावर झाला. सर्वांना उकळलेल्या दुधावर आधारलेला, जीवनसत्त्व नसलेला आहार दिला गेला. काहींना त्यासोबत रोज केवळ १ मिलिग्रॅम हेक्झुरोनिक ॲसिड मिळाले. ज्यांना ते मिळाले नाही ते स्कर्व्हीने मेले, ज्यांना मिळाले ते ठणठणीत राहिले. हेक्झुरोनिक ॲसिड म्हणजेच ‘क’ जीवनसत्त्व, हे सिद्ध झाले.

मग श्रेयाचा वाद कशावरून?

स्विर्बेली यांनी १९३२ च्या मार्चमध्ये हा निष्कर्ष आपले जुने मार्गदर्शक किंग यांना पत्राने कळवला. किंग स्वतःही लिंबाच्या रसातून ‘क’ जीवनसत्त्व वेगळे करण्याच्या मागे होते. १ एप्रिल १९३२ रोजी ‘सायन्स’मध्ये किंग यांचे टिपण प्रसिद्ध झाले. सेंट-ग्योर्गी आणि स्विर्बेली यांचे टिपण ‘नेचर’मध्ये त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी आले. अमेरिकेत अनेकांनी पहिला मान किंग यांना दिला. नोबेल समितीने मात्र १९३७ मध्ये सेंट-ग्योर्गी यांची निवड केली आणि त्यावर नाराजीचे सूर उमटले. पारितोषिक केवळ ‘क’ जीवनसत्त्वासाठी नव्हते, हे या वादात अनेकदा विसरले जाते. पेशी अन्नाचे ज्वलन कसे करतात, यावरचे त्यांचे कामही त्यात मोजले गेले होते.

मिरचीने कोंडी कशी फोडली?

प्रयोग यशस्वी झाला, पण भुकटी संपली. रचना अजून कळायची होती. १९३२-३३ च्या सुमारास एका संध्याकाळी पत्नीने जेवणात ताज्या मिरच्या वाढल्या. खायची इच्छा नव्हती आणि नको म्हणायचीही सोय नव्हती. ही मिरची आपण कधी तपासलीच नाही, असे निमित्त सांगून ते ताट सोडून प्रयोगशाळेत गेले आणि मध्यरात्रीपर्यंत त्यांना उत्तर मिळाले, असे ते स्वतः पुढे सांगत. दर ग्रॅमला सुमारे २ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व आणि आड येणारी साखर जवळजवळ नाही.

किस्सा रंगवलेला असू शकतो, पण आकडे बोलके आहेत. गावाच्या वेशीबाहेर मिरचीची शेते होती. बाजारात गाड्याच्या गाड्या माल येत होता. काही आठवड्यांतच सेगेदच्या प्रयोगशाळेने सुमारे दीड किलो शुद्ध जीवनसत्त्व तयार केले. केंब्रिज किंवा अमेरिकेत पैसा आणि उपकरणे होती, पण तिथे कोणाच्या दाराशी पाप्रिका पिकत नव्हती.

सेंट-ग्योर्गी यांनी हा साठा स्वतःपुरता ठेवला नाही. मागेल त्या संशोधकाला नमुने पाठवले. हॉवर्थ यांनी १९३३ मध्ये रेणूची रचना उलगडली. दोघांनी मिळून पदार्थाला स्कर्व्हीविरोधी या अर्थाचे ‘ॲस्कॉर्बिक ॲसिड’ हे नाव दिले. त्याच वर्षी ते कृत्रिमरीत्या तयारही झाले आणि स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा झाला. १९३७ चे रसायनशास्त्राचे नोबेल हॉवर्थ यांना पॉल कारर यांच्यासोबत विभागून मिळाले.

एक खुलासा इथे गरजेचा आहे. हे प्रमाण ताज्या मिरचीतले आहे. ढोबळी मिरचीही त्याच प्रजातीची आणि तीही या जीवनसत्त्वाने समृद्ध. वाळवताना आणि शिजवताना त्यातला बराच भाग नष्ट होतो.

नोबेलनंतर सेगेदमध्ये काय झाले?

त्यापूर्वी हंगेरीत जन्मलेल्या काही जणांना नोबेल मिळाले होते, पण ते परदेशात काम करत होते. मायदेशी विद्यापीठात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला ते मिळण्याची ही पहिली वेळ होती. सेंट-ग्योर्गी प्रयोगशाळेत थाटमाट ठेवत नसत. विद्यार्थ्यांबरोबर व्हॉलीबॉल खेळणारा, त्यांच्याशी बरोबरीने वाद घालणारा प्राध्यापक त्या काळच्या हंगेरीत दुर्मीळ होता. १९४० मध्ये ते विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्यांच्या पाठिंब्याने विद्यार्थ्यांनी ‘हॅम्लेट’ रंगमंचावर आणले.

याच विद्यापीठाची दुसरी बाजूही होती. १९२५ मध्ये एका बंडखोर कवितेमुळे अत्तिला योझेफ या विद्यार्थ्याला शिक्षक होण्याची आशा सोडून इथून निघून जावे लागले होते. तो पुढे हंगेरीचा थोर कवी ठरला.

नोबेलनंतर सेंट-ग्योर्गी स्नायूंकडे वळले. इलोना बांगा आणि ब्रुनो स्ट्राउब या सहकाऱ्यांसह त्यांनी मायोसिन आणि ॲक्टिन ही दोन प्रथिने एकत्र येऊन स्नायू आकुंचन पावतो, हे दाखवले. ॲक्टिनचा शोध १९४२ चा, स्ट्राउब यांचा. प्रथिनांच्या धाग्यांवर एटीपी हा ऊर्जावाहक रेणू टाकताच ते काचपट्टीवर आक्रसले. महायुद्धामुळे हे निबंध सेगेदमध्येच छापले गेले आणि बाहेरच्या जगाला ते नंतर कळले. आज जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात स्नायूंचा जो धडा असतो, त्याचा पाया इथला आहे.

हिटलरशी वैर का आले?

१९४० मध्ये सोव्हिएत आक्रमणाशी झुंजणाऱ्या फिनलंडच्या मदतीसाठी त्यांनी आपले सोन्याचे नोबेल पदक देऊन टाकले. पुढे ते एका फिनिश उद्योजकाने विकत घेऊन हंगेरियन राष्ट्रीय संग्रहालयाला दिले.

हंगेरी जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरली होती. विद्यापीठात वाढणाऱ्या ज्यूद्वेषाला सेंट-ग्योर्गी यांचा उघड विरोध होता. १९४३ मध्ये वैज्ञानिक व्याख्यानाच्या निमित्ताने ते इस्तंबूलला गेले. खरे काम वेगळेच होते. पंतप्रधान मिक्लोश काल्लाय यांच्या संमतीने ते ब्रिटिश गुप्तचरांना भेटले आणि हंगेरीला युद्धातून बाहेर काढण्याची चाचपणी केली. ही बातमी जर्मनांपर्यंत पोहोचली. त्यांच्यावर नजरकैद आली. मार्च १९४४ मध्ये जर्मन सैन्याने हंगेरीचा ताबा घेतल्यावर ते भूमिगत झाले. स्वीडनच्या वकिलातीने त्यांना आसरा आणि स्वीडिश नागरिकत्व दिले. गेस्टापो मागावर असताना ते बुडापेस्टमध्ये जागा बदलत लपत राहिले.

त्याच वर्षी सेगेद आणि परिसरातल्या हजारो ज्यूंना गाड्यांत भरून पाठवण्यात आले. त्यातले अनेक परतले नाहीत. २०व्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेले शहरातले निळ्या घुमटाचे भव्य सिनेगॉग उरले, पण ते भरून टाकणारा समाज उरला नाही.

मग देश का सोडला?

१९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने त्यांना सुखरूप बाहेर काढले आणि मॉस्कोला नेऊन सन्मान केला. नवी लोकशाही हंगेरी उभी राहील, या आशेने त्यांनी बुडापेस्टमध्ये अध्यापन सुरू केले. ते संसदेत गेले, विज्ञान अकादमीच्या पुनर्रचनेत भाग घेतला. देशाच्या अध्यक्षपदासाठीही त्यांचे नाव चर्चेत होते. पण सत्तेवर कम्युनिस्टांची पकड घट्ट होत गेली. १९४७ मध्ये ते स्वित्झर्लंडमध्ये असताना त्यांच्या एका जवळच्या मित्राला हंगेरीत अटक झाली. ते परतलेच नाहीत आणि अमेरिकेला गेले.

मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल या समुद्रकाठच्या संशोधन केंद्रात त्यांनी पुन्हा शून्यातून सुरुवात केली. १९५४ मध्ये स्नायूंवरील कामासाठी त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पत्नी मार्ता १९६३ मध्ये आणि मुलगी १९६९ मध्ये कर्करोगाने गेली. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य कर्करोगाच्या मुळाचा शोध घेण्यात गेले. त्यांच्या या कल्पना मुख्य प्रवाहातल्या शास्त्रज्ञांना पटल्या नाहीत, निधीसाठी त्यांना झगडावे लागले आणि अपेक्षित उत्तरही मिळाले नाही. व्हिएतनाम युद्धाला आणि अण्वस्त्रांना त्यांनी जाहीर विरोध केला. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, वुड्स होल इथेच त्यांचे निधन झाले.

सेगेदमध्ये आज काय उरले आहे?

१९७३ मध्ये, २६ वर्षांनंतर, ते सेगेदला पाहुणे म्हणून आले. ज्या शहराने त्यांना प्रयोगशाळा दिली होती, तिथे त्यांचे जुने सहकारी स्ट्राउब आता नव्या जीवशास्त्र संशोधन केंद्राचे प्रमुख होते. स्ट्राउब यांनी देशात राहणे पसंत केले होते. १९८८ मध्ये ते काही काळ हंगेरीचे राष्ट्रप्रमुखही झाले.

सेंट-ग्योर्गी यांच्या निधनानंतरच्या वर्षी सेगेदच्या वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. अत्तिला योझेफ यांच्या वाट्यालाही असाच उशिरा मान आला. ज्या विद्यापीठातून त्यांना निघून जावे लागले, त्यालाच पुढे त्यांचे नाव दिले गेले. २००० मध्ये शहरातल्या संस्था एकत्र येऊन आजचे सेगेद विद्यापीठ तयार झाले. कुनो क्लेबेल्सबेर्ग यांची समाधी नवसाच्या चर्चमध्ये आहे.

याच विद्यापीठात शिकलेल्या आणि स्ट्राउब यांच्या संशोधन केंद्रात काम केलेल्या कातालिन कारिको यांना २०२३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. करोनाच्या एमआरएनए लशींमागे त्यांचे संशोधन होते. १९८५ मध्ये सेगेदमधला निधी आटल्यावर त्यांनीही पती आणि लहान मुलीसह अमेरिका गाठली होती. सेंट-ग्योर्गी राजकारणामुळे गेले, कारिको पैशांअभावी. जी दोन नावे सेगेद आज अभिमानाने सांगते, त्या दोघांच्याही चरित्राचा उत्तरार्ध अमेरिकेत घडला.

करोनाच्या साथीत आपल्या घरात आलेल्या दोन गोष्टी, दंडावर टोचलेली लस आणि नारिंगी गोळी, यांची मुळे अशी तिसा नदीकाठच्या एकाच शहरात सापडतात.